कॅमेऱ्यातून नाडी मोजताना खोटा आकडा ओळखायचा कसा? मदत हवी आहे

बाबा अंथरुणाला खिळून आहेत. कातडी इतकी नाजूक झाली आहे की ईसीजीची चिकट पट्टी काढताना सालच निघते, आणि बोटाचा ऑक्सिमीटर ते झोपेत ओढून काढतात. म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालून पलंगासमोर कॅमेरा लावला आहे. औषधांचं काहीच यावर ठरवणार नाही, फक्त लक्ष ठेवायचं आहे.

प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त किंचित वाढतं, हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, आणि व्हिडिओतला हिरवा रंग नकळत कमीजास्त होतो. खोलीतल्या साध्या उजेडात हे टिपता येतं हे 2008 मध्येच दाखवलं गेलंय. मी कपाळ आणि गालांवरच्या पिक्सेलची सरासरी काढून त्यावर पीओएस पद्धत लावते (लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांच्या चढउतारातून नाडीची लाट वेगळी काढणारी). 30 एफपीएस (सेकंदाला 30 चित्रं), 10 सेकंदांची विंडो (एका वेळी तपासायचा तुकडा), आणि वारंवारतेच्या आलेखात 0.7 ते 4 हर्ट्झमधलं (मिनिटाला 42 ते 240 ठोके) सगळ्यात उंच शिखर म्हणजे नाडी.

बाबा शांत पडलेले असले की ऑक्सिमीटरशी छान जुळतं. पण ते जेवायला लागले की जबड्याची लय नेमकी याच पट्ट्यात येते आणि प्रोग्राम चावण्यालाच नाडी समजतो. आलेख इतका सुबक दिसतो की शंकाही येऊ नये. मला याचीच धास्ती वाटते. खात्री नसेल तर स्क्रीन कोरी राहू दे, मी उठून मनगट धरून बघेन.

शिखर आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा पुरेसं उंच नसेल तर आकडा टाकून द्यायचा, असं करून पाहिलं. पण बाबांचे ठोके मधूनच अनियमित होतात. तेव्हा शिखर पसरतं आणि ही चाळणी नेमका तोच भाग फेकून देते, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे! हालचालीने बिघडलेला सिग्नल आणि खरोखर बिघडलेली लय वेगळी कशी करायची? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, दोन्ही गोष्टी एकाच चाळणीतून काढू नका. नाक आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांचे बिंदू ट्रॅक करून हालचाल स्वतंत्रपणे मोजा. चेहरा हलत असेल तर आकडा दाखवायचाच नाही. चेहरा स्थिर आहे आणि तरी शिखर पसरलंय, तर विंडो फेकू नका, ‘लय तपासा’ असा इशारा द्या. कपाळ आणि दोन्ही गालांच्या लाटा वेगवेगळ्या काढून ताडून पाहा. खरा ठोका तिन्हीकडे जवळपास एकाच वेळी उमटतो, चावण्याचा परिणाम गालांवर जास्त आणि कपाळावर कमी असतो.

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेड आणि रंग आपोआप जुळवणं) बंद आहे ना? आणि व्हिडिओ कॉम्प्रेस करून साठवत असाल तर आधी ते थांबवा, हा बारीक चढउतार त्यातच पुसला जातो. रात्री कोणता उजेड असतो तेही कळवा. इन्फ्रारेड असेल तर पीओएस चालणार नाही, तिला तिन्ही रंग लागतात.