मदत हवी आहे: सिद्धपूरला आईचं श्राद्ध, शुक्रवारी निघायचंय

आंबेमोहोर
सिद्धपूरला बिंदू सरोवरावर आईचं श्राद्ध करायचं आहे. शुक्रवारी रात्री निघतोय, अहमदाबादपर्यंतची तिकिटं झाली आहेत. तिथल्या दोन गुरुजींशी फोनवर बोलणं झालं. एक म्हणतात, साहित्य सगळं इथे मिळेल, तुम्ही नुसते या. दुसरे म्हणतात, दर्भ, काळे तीळ, जवाचं पीठ, सगळं घेऊन या, आणि दक्षिणा पहिल्यांच्या तिप्पट. शेवटचा प्रश्न विचारला तर दोघंही "या, मग बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय? एवढ्या लांब जाऊन परत फिरायचं नाहीये. अलीकडे कुणी जाऊन आलंय का? लवकर सांगा.

नदीकाठ
कुठून निघताय? अहमदाबादहून पुढे साधारण ११५ किमी आहे, महेसाण्यावरून पालनपूरच्या रस्त्याला. एसटी भरपूर आहेत. बाकी तो शेवटचा प्रश्न कोणता, ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

ब्रह्मगिरी
गुजरातला कशाला जाताय? त्र्यंबकला कुशावर्तावर करा. आपली भाषा, आपले उपाध्ये. त्यांच्या वहीत आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेली असतात. आमच्या खापरपणजोबांच्या सहीवर मी स्वतः बोट ठेवलंय.

शंखपुष्पी
ब्रह्मगिरी, त्र्यंबकचं महत्त्व कोण नाकारतंय? पण सिद्धपूर ही मातृगया आहे. तिथलं श्राद्ध खास आईसाठी. परशुरामाने रेणुकामातेचं श्राद्ध तिथे केलं असं मानतात. कर्दम ऋषींचा आश्रम तिथलाच, आणि कपिल मुनींनी देवहूतीला, म्हणजे स्वतःच्या आईला, उपदेश केला तोही तिथेच. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात आहे सगळं.

रानवारा
बिंदू सरोवर भुवनेश्वरला ना? लिंगराज मंदिराच्या शेजारी? आम्ही पुरीहून येताना पाहिलं. भलं मोठं तळं आहे, मधोमध छोटं देऊळ.

शंखपुष्पी
ते बिंदुसागर. हे गुजरातेत, पाटण जिल्ह्यात.

जुनावाडा
दादा, धोतर-उपरणं घरूनच न्या, तिथलं अपुरं पडतं. वडील आहेत का? वडील हयात असतील तर आमच्याकडे मुंडण करत नाहीत, तिथे कुणी आग्रह केला तरी नाही म्हणा. आणि वर्षश्राद्ध झालंय ना? त्याआधी तीर्थश्राद्ध करू नये.

आंबेमोहोर
मी दादा नाही, ताई आहे. शेवटचा प्रश्न तोच होता, मुलीच्या हातून करतील का. आम्ही नाशिकचे. भाऊ नाही. बाबा सोबत आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत. वर्षश्राद्ध चैत्रात झालं, चुलतभावाने केलं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. तिचं सगळं आजारपण मी काढलंय, आंघोळीपासून औषधांपर्यंत. पिंड माझ्याच हातून व्हायला हवेत.

जुनावाडा
ताई, भावना समजतात, पण अधिकार बघावा लागतो. मुलगा असेल तर त्याला घेऊन जा. आपल्याकडे आजेपाडव्याला नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतोच, तसं आजीचंही करू शकेल.

आंबेमोहोर
मला मुलगीच आहे.

चाफेकळी
जुनावाडा, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीतून स्त्रिया पौरोहित्य शिकून बाहेर पडतात, अंत्यविधीसुद्धा सांगतात. पौरोहित्य चालतं आणि स्वतःच्या आईला पिंड दिलेला चालत नाही?

जुनावाडा
पुण्यात चालतं म्हणून सगळ्या तीर्थांवर चालेल असं नाही. ताईंना तिथे जाऊन मनस्ताप होऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

मांडवी
मी बडोद्याची, आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या. माझ्या मावसबहिणीने सिद्धपूरला स्वतः विधी केला. पण गुरुजी फोनवर ठरवतानाच "विधी मुलगी करणार, चालेल का" असं सरळ विचारून घेतलं होतं. "बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, दुसरे बघा.
सरोवर म्हणजे मोठं तळं डोळ्यांसमोर आणू नका. पायऱ्यांचं चौकोनी कुंड आहे. विधी बाजूच्या सपाट जागेत बसून होतो, तेव्हा बाबांना खाली उतरायची गरज नाही. कुंडातलं पाणी तांब्यात आणून द्या. बसायला घडीची खुर्ची मात्र घरूनच घ्या.
साहित्य तिथे मिळतं. फक्त दिवाळी ते लाभपंचमी गुजरातेत निम्मी दुकानं बंद असतात आणि कार्तिकी पौर्णिमेला सिद्धपूरला मोठा मेळा भरतो. त्या दिवसांत जात असाल तर तीळ-दर्भ नाशिकहूनच घ्या.
एक सांगून ठेवते. आईसाठी सोळा पिंड असतात, मातृषोडशी. प्रत्येक पिंडाला गुरुजी एकेक श्लोक म्हणतात. पोटात वाढवताना झालेला त्रास, बाळाने ओलं केलेलं अंथरूण, रात्रीची जागरणं, हे सगळं त्यात येतं. अर्थ समजावून सांगा म्हणावं. बहिणीचा हात चौथ्या-पाचव्या पिंडाला थांबला होता, गुरुजी घाई न करता थांबले. असे गुरुजी शोधा, दक्षिणा नंतर.

रानवारा
इतक्या लांब जाताय तर पाटणची रानी की वाव चुकवू नका, तासाभरावर आहे. २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शंभराच्या जांभळ्या नोटेवर मागे तीच छापली आहे. मोढेऱ्याचं सूर्यमंदिरही त्याच भागात.

जुनावाडा
श्राद्धाला निघालेल्यांना सहल कसली सुचवताय?

रानवारा
माझ्या आईला घेऊन मी तिथे गेलो होतो, तिला फार आवडलं होतं, म्हणून लिहिलं.

आंबेमोहोर
मांडवीताई, खूप खूप आभार. आत्ता पहिल्या गुरुजींना सरळ विचारलं. "हो बेन, चालेल, तुम्हीच बसा" म्हणाले. त्यांनाच पक्कं केलं. आता ते नावं आणि गोत्र मागत आहेत. गोत्र माझ्या सासरचं सांगायचं का? आणि आईबरोबर आजी आणि पणजीचं नावही लागेल म्हणाले, वडिलांकडच्या. आजीचं माहीत आहे. पणजीचं बाबांनाही आठवत नाही.

शंखपुष्पी
आईचं गोत्र म्हणजे बाबांचंच. विधी तिचा आहे, तुमच्या सासरचं गोत्र तिला लागत नाही.

जुनावाडा
संकल्पात करणारीचंही गोत्र उच्चारतात, ते सासरचं. दोन्ही कागदावर लिहून न्या, ऐन वेळी गडबड होते.

चाफेकळी
बाबांच्या आत्या किंवा चुलत घराण्यातलं कुणी वयस्कर आहे का? बायकांची नावं बायकांनाच आठवतात. माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही विचारा.

आंबेमोहोर
एक आत्या आहेत, पण त्यांना आता ओळखही पटत नाही.

ब्रह्मगिरी
ताई, मग वही बघा ना. तुम्ही नाशिकच्याच, त्र्यंबक तासाभरावर. पणजोबा सपत्नीक यात्रेला आले असतील तर पणजीचं नाव शेजारी लिहिलेलं असू शकतं, आमच्या घरचं तसंच सापडलं. पण उपाध्ये मूळ गावावरून ठरतात. आडनाव इथे उघड लिहू नका, मूळ गाव आणि तालुका मला निरोपातून कळवा. कुणाकडे वही आहे ते उद्या सकाळी विचारून सांगतो. शुक्रवारच्या आत होईल.