वासांची खिचडी होतेय: शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह आणि अत्तर जुळवायचं कसं?

लोकलप्रवासी: सकाळी लॅव्हेंडरची शेव्हिंग क्रीम, त्यावर ओल्ड स्पाइस ओरिजिनल आफ्टरशेव्ह, मग गळ्याला वाळ्याचं अत्तर. घरून निघताना झकास, पण दादर येईपर्यंत घामात मिसळून काहीतरी गोडसर-कुबट. यातलं काय काढू? आफ्टरशेव्ह झोंबतोही फार.

फेसकरी: क्रीम राहू द्या. तिचा वास पाण्याबरोबर जातो, अर्ध्या तासाने तुमच्या नाकालाही सापडणार नाही. भांडण आहे ते उरलेल्या दोघांचं. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी द्रव्य साधारण १ ते ३ टक्केच, बाकी मुख्यतः अल्कोहोल आणि पाणी. तास-दोन तासांत तो विरतो. अत्तर म्हणजे तेल, ते अंगाच्या उबेने हळूहळू सुटत दिवसभर राहतं. ओल्ड स्पाइसचा वास लवंग-दालचिनी-व्हॅनिलाचा, उष्ण आणि गोड. वाळा मातकट, थंड. दमट हवेत व्हॅनिला जड होतो, तुमचा गोडसरपणा बहुतेक तिथलाच. एक ना धड भाराभर चिंध्या असं झालंय. वाळा ठेवणार असाल तर आफ्टरशेव्ह बिनवासाचा किंवा लिंबूवर्गीय घ्या. लिंबू पहिला उडतो, पुढे वाळ्याला रान मोकळं. ओल्ड स्पाइस सोडवत नसेल तर जोडीला चंदन चालेल, तेही नावापुरतं.

बोथटपातं: झोंबण्याचं मूळ बहुतेक वेळा बाटलीत नसून हातात असतं. केसांच्या उलट दिशेने ओढलेला हात, जुनं ब्लेड, जास्तीचा दाब. दाढी झाली की थंड पाणी, ओली तुरटी एकदा फिरवून अर्धा मिनिट थांबा, धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. मग आफ्टरशेव्हचे ५-६ थेंब तळहातावर घेऊन थोपटा. त्वचा कोरडी असेल तर तुरटी आणि अल्कोहोल दोन्ही एकाच दिवशी नको. एवढं करूनही लाली राहिली तर मसाल्याच्या वासावर संशय घ्या: लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल काहींना सोसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज सुटली की बाटली बाद.

आणि अत्तर ताज्या दाढीवर कशाला? कापसाचा फाया कानाच्या वळणात ठेवा. तिथे घाम कमी, कॉलरला डागही नाही.

गंधवेडा: फेसकरींशी एका बाबतीत असहमत. बिनवासाचा कशाला? लॅव्हेंडरचाच आफ्टरशेव्ह घ्या. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफुलासारखं शेवाळ) आणि कुमारिन (सुक्या गवतासारखा गोड वास देणारं द्रव्य) यांच्या मेळाला फुजेर म्हणतात (हुबिगां या फ्रेंच अत्तर कंपनीचं ‘फुजेर रॉयाल’, १८८२). जुन्या सलूनचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा हाच. त्याच्याखाली वाळा सुंदर बसतो. मात्र घरी क्रीममध्ये किंवा आफ्टरशेव्हमध्ये लिंबाचं, बर्गमॉटचं (लिंबाच्याच जातीचं एक फळ) तेल टाकण्याचे प्रयोग नकोत. दाबून काढलेल्या या तेलांतली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं अंगावर राहिली आणि ऊन लागलं की कातडी भाजते, मागे काळे डाग उरतात.

लोकलप्रवासी: फाया आणि लॅव्हेंडर, ठरलं. ओल्ड स्पाइसची अर्धी बाटली उरलीय, टिकेल ना?

फेसकरी: बूच घट्ट लावून कपाटात, अंधारात ठेवा. गीझरजवळच्या फळीवर नको. थंडीत काढा, तेव्हा तो वास खरा खुलतो.