अडतं नियमापाशी नाही, सममितीपाशी
'मर्यादित लांबीच्या तारेला गॉसचा नियम लागूच पडत नाही' हे वरच्या प्रतिसादातलं विधान पटलं नाही. हा नियम सांगतो की बंद पृष्ठातून बाहेर पडणारा विद्युतक्षेत्राचा एकूण फ्लक्स (प्रवाह) आतल्या प्रभारावरच ठरतो. तो कुठल्याही बंद पृष्ठाला लागू पडतो, एकूण फ्लक्स बरोबरच येतो. पण त्या पृष्ठावर क्षेत्र जागोजागी वेगळं असेल तर ते समाकलनाबाहेर, म्हणजे पृष्ठभरच्या बेरजेबाहेर, काढता येत नाही, अडतं ते इथे. सममिती म्हणजे वस्तू फिरवली वा सरकवली तरी फरक न कळणं; ती दाखवायला नाशिकला बारावीच्या मुलांना शिकवताना मी तारेऐवजी घरचं बिनमुठीचं लाटणं वर्गात नेते. त्यांना डोळे मिटायला लावून ते जागच्या जागी गोल फिरवते, मग त्याच्या टोकांची अदलाबदल करते. काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही! म्हणूनच तारेच्या मध्यबिंदूसमोर क्षेत्र तिच्या लांबीकडे झुकू शकत नाही. लांबीच्या दिशेने चार बोटं सरकवलं की मात्र टोकावरून लगेच ओळखतात. तार अनंत असती तर तेही कळलं नसतं, आणि क्षेत्र फक्त अंतरावर ठरलं असतं.

टोकांचा परिणाम किती, तेही बघा. एकसमान प्रभाराची १ मीटर तार घ्या. मध्यबिंदूसमोर ५ सेंमीवर अनंत तारेचं सूत्र जेमतेम अर्धा टक्का चुकतं. ५० सेंमीवर खरं क्षेत्र त्या उत्तरापेक्षा तब्बल २९ टक्के कमी भरतं.