'मॅन पेज वाचायचं होतं' हे उत्तर नव्हे

रात्रपाळी

काल कर्नलवासी यांनी या मंचावर टिपण टाकलं. सार असं: बीटीआरएफएस आणि झेडएफएस या कॉपी-ऑन-राइट (जुनं जागीच न बदलता नव्या जागी लिहिणाऱ्या) फाइलसिस्टीमच्या कमांड उत्तम आहेत, डेटा घालवणारे लोक आळशी आहेत, आणि "ज्याला मॅन पेज वाचायचा कंटाळा त्याने कॉपी-ऑन-राइटच्या वाटेला जाऊच नये." पहिली दोन विधानं मी सोडून दिली असती. तिसरं डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मॅन पेज (कमांडचं माहितीपान) वाचतो. तरीही २०१७ साली जे झालं ते झालंच. एका डिस्कचा झेडएफएस पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) होता. दुसरी डिस्क आणली, मिरर करायचा होता. त्यासाठी कमांड आहे झेडपूल अटॅच. माझ्या हातून गेलं झेडपूल अ‍ॅड. एंटर दाबलं, क्षणात प्रॉम्प्ट परत. ना प्रश्न, ना इशारा. झेडपूल स्टेटस पाहिलं तर दोन्ही डिस्क एकाखाली एक, सरळ पूलच्या नावाखाली. त्यांच्या डोक्यावर 'मिरर-०' ही ओळ असायला हवी होती, ती नव्हती. दोन प्रती ठेवायला निघालो होतो आणि झालं उलटंच: दोनांतली कुठलीही एक डिस्क गेली की सगळं गेलं. बरं, डिस्क परत काढावी तर तेव्हा लिनक्सवर ती सोयच नव्हती, ती झेडएफएसच्या ०.८ आवृत्तीत म्हणजे २०१९ ला आली. तिसरी डिस्क उसनी आणली, सगळा डेटा बाहेर काढला, पूल मोडला, पुन्हा बांधला. दोन रात्री गेल्या.

आता हे पाहा. रेडझेडच्या (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) पूलमध्ये एकटी डिस्क अ‍ॅड करायला गेलात तर हीच कमांड अडवते. 'मिसमॅच्ड रेप्लिकेशन लेव्हल' (प्रतींची पातळी जुळत नाही) म्हणते आणि -एफ (जबरदस्तीचा पर्याय) दिल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे धोका ओळखायची अक्कल तिच्यात आहे. एका डिस्कच्या पूलला एक डिस्क जोडली की विसंगती काहीच दिसत नाही, म्हणून गप्प. आणि नवा माणूस सगळ्यात आधी नेमकं हेच करायला जातो!

माझं म्हणणं एवढंच. जे परत फिरवता येत नाही ते करण्याआधी कमांडने काय होणार ते दाखवावं. झेडपूल अ‍ॅडला -एन आहे, तो नुसता आराखडा दाखवतो. मग तेच मूळ वर्तन करा, आणि खरंच करायचं असेल तेव्हा वेगळा पर्याय मागा.

कर्नलवासी

-एन होता. तुम्ही वापरला नाही. विषय संपला.

तरी लिहितो, कारण ही मागणी दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्याने करतं. 'खात्री आहे का' विचारणारी कमांड पहिल्या आठवड्यात सुरक्षित वाटते, दुसऱ्या आठवड्यापासून बोट आपोआप वाय दाबतं. आरएमला (फाइल उडवणारी कमांड) -आयचं, म्हणजे आधी विचारण्याचं, टोपणनाव देऊन ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्या सवयीने ते दुसऱ्या मशीनवर जातात, जिथे टोपणनाव नसतं, आणि प्रश्न येईल या भरवशावर आरएम मारतात. प्रश्न येत नाही.

दुसरं, स्क्रिप्ट. स्नॅपशॉट (फाइलसिस्टीमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेणं, जुने उडवणं हे सगळं क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) चालतं. तिथे वाय दाबायला कोण बसलंय?

आणि इशाऱ्यांचं म्हणाल तर बिघडलेली फाइलसिस्टीम दुरुस्त करू पाहणारी बीटीआरएफएस चेक --रिपेअर पाहा. डेव्हलपर किंवा अनुभवी माणसाने सांगितल्याशिवाय हे वापरू नका, असं स्पष्ट लिहून येतं. दहा सेकंद थांबते ती कमांड. कंट्रोल-सी दाबायला चिक्कार वेळ. तरी लोक चालवतात आणि मग रडत येतात. इशाऱ्याने काय साधलं?

पहाटे_तीन

रडत येणाऱ्यांपैकी मी एक. ती दहा सेकंदं मी पाहिलीत, म्हणून सांगते.

लॅपटॉप सुरू होईना. माउंट करताना (फाइलसिस्टीम वापरासाठी जोडताना) 'पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड'. पहाटेचे तीन, सकाळी नऊला काम द्यायचं. बारा वर्षं एक्स्ट-४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम वापरलेल्या माणसाचा हात कुठे जाईल? एफएससीके या तपासणी-दुरुस्तीच्या कमांडकडे. तिथे बिघडलं की एफएससीके हाच पहिला उपाय. इथे त्याच जागी चेक आहे, त्याला --रिपेअर जोडता येतं. नाव म्हणतं दुरुस्त करते, खालचा इशारा म्हणतो वापरू नका. दहा, नऊ, आठ. मी कंट्रोल-सी दाबून काय करायचं होतं, ते त्या इशाऱ्यात कुठे लिहिलं होतं?

आता मला माहीत आहे. आधी रीड-ओन्ली माउंट करून पाहायचं, मग रेस्क्यू=यूजबॅकअपरूट (मुळाच्या जुन्या प्रतीवरून माउंट). तेही नाही जमलं तर बीटीआरएफएस रिस्टोरने फाइली दुसऱ्या डिस्कवर काढायच्या, ते मूळ डिस्कवर काहीच लिहीत नाही. रिपेअर सगळ्यात शेवटी. हा क्रम तीन ओळींत मावतो. त्या दहा सेकंदांत या तीन ओळी दाखवल्या असत्या तर माझी फाइलसिस्टीम कदाचित वाचली असती. कर्नलवासी, तुम्ही म्हणता इशाऱ्याने काय साधलं. 'नको' म्हणणं आणि 'हे कर' म्हणणं यात फरक आहे.

परवाना_पहा

एवढी चर्चा चाललीये आणि मूळ दुखणं कुणी बोलत नाही. झेडएफएस सीडीडीएल परवान्याखाली आहे, लिनक्सच्या जीपीएल परवान्याशी त्याचं जमत नाही, म्हणून ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरच राहतं. माझा कर्नल अपडेट झाला, झेडएफएसचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयारच झालं नाही, आणि रूट (ज्यावरून मशीन सुरू होतं ती फाइलसिस्टीम) झेडएफएसवर. मशीन उठलंच नाही. कमांड कितीही गोड बोलो, जे कर्नलमध्ये नाही त्यावर रूट ठेवू नये.

कर्नलवासी

याच्याशी सहमत, पण विषय तो नाही.

शून्य_बाइट

कमांड विचारतात का हा पुढचा प्रश्न. आधी खरं बोलतात का ते पाहा.

माझी बीटीआरएफएस डिस्क. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) म्हणतं ६० जीबी मोकळी. फाइल लिहायला गेलो: जागा शिल्लक नाही. फाइल उडवायला गेलो: जागा शिल्लक नाही. उडवायलासुद्धा जागा लागते! कॉपी-ऑन-राइट आहे, जुनं झाड जागच्या जागी बदलता येत नाही, नवं पान लिहावं लागतं, हे कळतं मला. पण ते ६० जीबी कुठले?

मग बीटीआरएफएस फाइलसिस्टीम यूसेज. त्यात 'अनअलोकेटेड' पुढे १ एमबी. सगळी डिस्क डेटाच्या चंकना (जागेचे मोठे तुकडे) वाटून झालेली, एकेक चंक साधारण १ जीबीचा आणि अर्धामुर्धा रिकामा. मेटाडेटाचे (फाइलींच्या नोंदींचे) चंक मात्र काठोकाठ भरलेले आणि नवा घ्यायला जागा नाही. ६० जीबी होते, पण चुकीच्या खणात.

उपाय बॅलन्स, म्हणजे चंकमधला डेटा नव्याने मांडणं. बॅलन्सलाही जागा लागते, तोही पडला. शेवटी यूएसबी स्टिक लावली, डिव्हाइस अ‍ॅड केली, बॅलन्स -डीयूसेज=५ (५ टक्क्यांपर्यंतच भरलेले डेटाचे चंक) चालवला, मग १०, मग २०, जागा सुटल्यावर डिव्हाइस रिमूव्ह. त्या अर्ध्या तासात मेटाडेटा त्या स्टिकवर गेलेला असू शकतो, हात लागून ती निघाली असती तर सगळं संपलं असतं. मी टेबलापासून दूर उभा होतो.

रेडझेड_दोन

म्हणूनच झेडएफएस वापरा. तिथे डेटा आणि मेटाडेटाचे असे खण नाहीत, आणि पूलची थोडी जागा आधीच राखून ठेवलेली असते. भरलेल्या पूलवरही फाइल उडवता येते.

कर्नलवासी

राखीव जागा बीटीआरएफएसमध्येही असते. यूसेजमध्ये 'ग्लोबल रिझर्व्ह' अशी ओळच आहे, ५१२ एमबीपर्यंत. आणि रिकामे चंक ३.१८ पासून कर्नल स्वतःच परत घेतो. शून्य_बाइट यांचे चंक रिकामे नव्हते, अर्धे भरलेले होते. अधूनमधून गाळणी लावून बॅलन्स चालवायचा असतो, हे कागदपत्रांत आहे.

शून्य_बाइट

सगळंच कागदपत्रांत आहे. डीएफ मात्र ६० जीबीच म्हणत होतं.

पहाटे_तीन

रेडझेड_दोन, झेडएफएसचा आकडा तरी कुठे सरळ आहे? झेडपूल लिस्ट रेडझेडमध्ये पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवायची जादा माहिती) धरून आकडा देतं, झेडएफएस लिस्ट पॅरिटी वजा करून. माझ्या सहकाऱ्याने पहिला पाहून डिस्क मागवल्या, कमी पडल्या.

स्नॅपशॉटचं तर त्याहून वाईट. 'यूस्ड' रकान्यात फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटची जागा दिसते. एक मोठी फाइल उडवली आणि ती दहा स्नॅपशॉटमध्ये असेल, तर दहाही ओळींत जवळपास शून्य. माणूस म्हणतो स्नॅपशॉट जागा खातच नाहीत, आणि पूल भरत जातो.

रेडझेड_दोन

रकान्याचा अर्थच तो आहे! एकटा उडवला तर किती सुटेल, ते तो बरोबर सांगतो. सगळे मिळून किती ते 'यूस्डबायस्नॅपशॉट्स' मध्ये आहे. आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत उडवले तर किती सुटेल हे हवं असेल तर झेडएफएस डिस्ट्रॉय -एनव्ही, दोन स्नॅपशॉटच्या नावांमध्ये टक्क्याचं चिन्ह. काहीही न उडवता नेमका आकडा मिळतो. बीटीआरएफएसमध्ये हे विचारून दाखवा. कोटा (जागेचा हिशेब ठेवणारी सोय) चालू करा आणि मशीन रांगताना पाहा.

कर्नलवासी

बीटीआरएफएस फाइलसिस्टीम डीयू -एस. 'एक्सक्लूसिव्ह' (फक्त त्याचं) आणि 'सेट शेअर्ड' (सामाईक) वेगळे दाखवतं, कोट्याशिवाय. आणि कर्नल ६.७ पासून साधा कोटा आला आहे, तो तितका जड नाही. माहिती जुनी असेल तर निदान आवाज चढवू नका.

रेडझेड_दोन

साधा कोटा ज्याने ब्लॉक पहिल्यांदा लिहिला त्याच्याच खात्यावर टाकतो. स्नॅपशॉट उडवला तर किती सुटेल, याचं उत्तर त्यात नाही. आणि डीयू लाखो फाइलींवर चालवून पाहा, चहा पिऊन या, तरी संपलेलं नसेल. माहिती कुणाची जुनी आहे?

परवाना_पहा

झेडएफएसची एवढी तरफदारी करणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ आठवावा. सीपीने कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यं, चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) मात्र बरोबर. आधी झेडएफएस २.२ मधल्या ब्लॉक क्लोनिंगवर (खरी कॉपी न करता तेच ब्लॉक वापरणं) ढकललं, नंतर कळलं की चूक कित्येक वर्षं जुनी. २.२.२ आणि २.१.१४ मध्ये दुरुस्त केली.

रेडझेड_दोन

आणि बीटीआरएफएसचं रेड ५/६ (पॅरिटी धरून अनेक डिस्कवर डेटा पसरवणं)? फाइलसिस्टीम बनवणारी एमकेएफएसच सांगते वापरू नका. चुका सगळीकडे आहेत. निदान आमची दुरुस्त झाली.

रात्रपाळी

थांबा जरा. माझ्या प्रश्नाची पार जागावाटपाची भांडणं झाली. पण शून्य_बाइट यांनी जे सांगितलं ते त्याच प्रश्नाचं दुसरं टोक आहे. कमांडला खरी स्थिती माहीत असते, ती समोर ठेवत नाही.

रेडझेड_दोन, तुमच्या हातून कधी काहीच गेलं नाही?

रेडझेड_दोन

गेलं आहे. सांगतो.

जुने स्नॅपशॉट उडवणारी स्क्रिप्ट होती, मीच लिहिलेली. झेडएफएस डिस्ट्रॉय -आर, पुढे डेटासेटचं (पूलमधल्या एका फाइलसिस्टीमचं) नाव, त्याला चिकटून स्नॅपशॉटचं व्हेरिएबल. त्या व्हेरिएबलमध्ये अ‍ॅटच्या चिन्हासकट नाव यायचं. एका रात्री यादी रिकामी आली, व्हेरिएबल रिकामं, अ‍ॅट नाही. उरला नुसता डेटासेट, आणि -आर. तो, त्याखालचे सगळे, त्यांचे सगळे स्नॅपशॉट. दुसऱ्या मशीनवर सेंड-रिसीव्ह केलेली प्रत होती म्हणून सहा तासांचंच नुकसान झालं. उडवण्याच्या ऐन आधी पूलचा चेकपॉइंट (अख्खा पूल मागे नेता येईल अशी खूण) घेतलेला असता तर तेही टळलं असतं.

शेलमध्ये सेट -यू (न ठरवलेलं व्हेरिएबल दिसलं की थांबवणारा पर्याय) असूनही उपयोग झाला नसता, कारण व्हेरिएबल होतं, फक्त रिकामं होतं. अख्खा डेटासेट आणि एक स्नॅपशॉट, दोन्ही मारायला एकच क्रियापद. मधे एका चिन्हाचं अंतर. ते चूक आहे, मी तेव्हापासून म्हणतोय. बीटीआरएफएसवाल्यांनी खूश होऊ नये, तिथेही सबव्हॉल्यूम डिलीटला मूळ कोण आणि स्नॅपशॉट कोण याच्याशी देणंघेणं नाही.

कर्नलवासी

ही गोष्ट मी विचार करून वाचली.

प्रश्न विचारण्याला माझा विरोध कायम आहे. क्रॉनमध्ये रेडझेड_दोन यांना कुणीही प्रश्न विचारला नसता. पण 'फक्त स्नॅपशॉटच उडव' असा पर्याय असता तर स्क्रिप्ट तिथेच पडली असती आणि डेटासेट वाचला असता. त्याला प्रश्न लागत नाही, वाय लागत नाही. त्याला मी हो म्हणतो. आणि एका डिस्कच्या पूलला अ‍ॅड करताना रेडझेडसारखा -एफ मागायला हरकत नाही. एवढंच. 'आळशी' हा शब्द मागे घेतो. मॅन पेजबद्दल जे लिहिलं ते घेत नाही.

रात्रपाळी

-एन मूळ वर्तन करण्याबद्दल?

कर्नलवासी

नाही.

पहाटे_तीन

हे सगळं वाचून मी माझं दोन डिस्कचं बीटीआरएफएस रेड-१ (सगळ्याची प्रत दोन्ही डिस्कवर) तपासलं. मागच्या वर्षी एक डिस्क मेली होती, डिग्रेडेड (एक डिस्क नसताना) माउंट करून दोन दिवस काम केलं, मग बीटीआरएफएस रिप्लेस. तेव्हापासून यूसेज चालवलं की वर एक इशारा येतो: 'मल्टिपल ब्लॉक ग्रुप प्रोफाइल्स डिटेक्टेड', आणि पुढे मॅन पेज पाहा. सगळं चालतंय म्हणून मी तो दुर्लक्षित केला. आज खाली नीट पाहिलं तर 'डेटा, रेड१' च्या शेजारी 'डेटा, सिंगल' आहे. ११ जीबी. मेटाडेटातही थोडं.

कर्नलवासी

ते दोन दिवस तुम्ही जे लिहिलंत ते एकाच प्रतीत आहे. रिप्लेस ते बदलत नाही. बॅलन्स स्टार्ट, -डीकन्व्हर्ट=रेड१,सॉफ्ट आणि -एमकन्व्हर्ट=रेड१,सॉफ्ट. सॉफ्ट विसरू नका, नाहीतर आधीच रेड-१ असलेलं सगळं पुन्हा लिहीत बसेल. त्याआधी स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम पडताळणं) करून घ्या.

पहाटे_तीन

स्क्रब झाला, चूक शून्य. बॅलन्स लावलाय. वर्षभर ११ जीबी एका डिस्कवर होते.

कर्नलवासी

त्या इशाऱ्यात ही बॅलन्सची ओळ असायला हवी होती. हे मान्य.