‘फ्री कूलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भाचीला डेटा सेंटरविषयी, म्हणजे इंटरनेटची माहिती साठवणारे संगणक (सर्व्हर) ठेवतात त्या केंद्रांविषयी, मराठीतून बोलायचं आहे. एसीचा कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरच्या गार हवेवर किंवा पाण्यावर सर्व्हर थंड ठेवतात, त्याला तिनं ‘मुक्त शीतलन’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर : ‘मुक्त’ नको. कशातून मुक्त, असं ऐकणारा विचारेल. ‘फुकट’ही नको, पंखे आणि पंप वीज खातातच. आपल्या सोलापुरात रोज तोंडी असलेला शब्द घ्या : निवणे. दूध निवतं, भाकरी निवते. कुणी थंड करत नाही. ऊन वस्तू आपली उष्णता भोवतालच्या हवेला देऊन टाकते. स्वीडनमधल्या लुलेओचं फेसबुकचं केंद्र २०१३ पासून बाहेरच्या हवेवर असंच निवतं. फिनलंडला हामिनात गूगलनं जुन्या कागद गिरणीत केंद्र थाटून ते निववायला समुद्राचं पाणी घेतलंय.

प्रश्न : पण काका, मे महिन्यात इथं काय निवणार? बाहेरच ४२ अंश!

उत्तर : म्हणूनच हा शब्द मला फार चोख वाटतो. चहा खोलीच्या हवेइतका होईपर्यंतच निवतो, त्याखाली नाही. सर्व्हरकडे जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. आपली दुपार त्यात बसत नाही. मग माठाकडे बघायचं. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी हवेपेक्षाही गार होतं. माठातलं पाणी ‘निवलं’ असं आपण कधी म्हणत नाही, ‘गार झालं’ म्हणतो. वाळ्याचा ओला पडदा, कूलर, डेटा सेंटरमधले ओले पॅड, सगळी एकाच कुळातली. पुस्तकी शब्द ‘बाष्पीभवनी शीतलन’. मी ‘पाझरगारवा’ म्हणेन. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून तो साधतो. पावसाळ्यात दमट हवेत कूलर नुसती ओल सोडतो, तीच गत तिथंही. शिवाय यात पाणी खर्ची पडतं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे तिनं बोलायलाच हवं.

प्रश्न : बोलेल. ‘थंडावा’ का नको?

उत्तर : थंडावा जिवाला वाटतो. यंत्राला कसला?

प्रश्न : आणि ‘निवणे’चं नाम? मथळ्याला लागेल.

उत्तर : साठवणे–साठवण, आठवणे–आठवण, तसं निववणे (म्हणजे निवू देणे)–निववण.