बेसन लाडू: वाटीचं प्रमाण किलोत कसं बसवायचं?

लाडूप्रेमी: आमच्याकडे बेसन लाडूंचं प्रमाण वाटीवर आहे: 4 वाट्या बेसन, दीड वाटी पातळ तूप, 3 वाट्या पिठीसाखर. दिवाळीला 2 किलो बेसनाचे करायचे आहेत. सरळ त्रैराशिक मांडलं तर तूप 750 ग्रॅम आणि पिठीसाखर दीड किलो येते. हे बरोबर आहे का? दुकानातून सामान किती आणू?

काटा_आणि_कढई: साखर बरोबर, तूप चुकलं. 750 ग्रॅममध्ये बेसन कोरडं राहील, भाजताना काही भाग करपेल, काही कच्चा राहील आणि लाडू वळायला घेतले की फुटतील.

वाटीत मावते ती जागा, वजन नव्हे. चाळलेलं बेसन 150 मिलीच्या वाटीत साधारण 75 ग्रॅम बसतं, पिठीसाखरही जवळपास तेवढीच, म्हणून तिचा हिशेब योगायोगाने जुळला. तेवढ्याच वाटीत पातळ तूप मात्र 136-137 ग्रॅम भरतं. तुमच्या प्रमाणात बेसन 300 ग्रॅम, तूप सुमारे 205 ग्रॅम. 2 किलो म्हणजे 6.67 पट, तेव्हा तूप सुमारे 1 किलो 365 ग्रॅम, म्हणजेच दीड लिटर.

वाटी लहान की मोठी याने या गुणोत्तरात काही बदलत नाही, फक्त तिन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजलेले हवेत. बदलतं ते भरण्याच्या पद्धतीने. बेसन दाबून भरलं तर त्याच वाटीत 90 ग्रॅमपर्यंत जातं आणि मग 2 किलोला तूप 1 किलो 140 ग्रॅमच लागतं. म्हणून घरात ज्या हाताने वाटी भरतात त्याच हाताने भरून घ्या: रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, नेहमीसारखं बेसन भरा, वर सुरी फिरवा, वजन लिहा. तीनदा करून सरासरी काढा. तूप आणि साखरेचंही तसंच.

तुपाची_धार: एक भर. पाकिटावर लिटर लिहिलंय की किलो, हे बघून घ्या. 1 लिटर तूप किलोभर नसतं, सुमारे 910 ग्रॅम असतं. गोठलेलं रवाळ तूप वाटीने मोजू नका, मधे पोकळ्या राहतात. वितळवून मोजा किंवा थेट काट्यावर घ्या.

आणि सगळं तूप एकदम ओतू नका. पाऊण भागात भाजायला घ्या, बेसन सैल होऊन कडेने तूप सुटायला लागलं की उरलेल्याचा अंदाज घ्या. रवाळ दळलेलं बेसन बारीक बेसनापेक्षा कमी तूप पितं. 2 किलो एका कढईत शक्यतो नकोच, दोन घाणे करा. मोठा घाणा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ भाजत राहतो, म्हणून रंग थोडा अलीकडेच थांबवून परातीत काढा. साखर मिश्रण कोमट झाल्यावर घाला.

लाडूप्रेमी: मग रव्याच्या लाडवांनाही हेच आकडे लावू का?

काटा_आणि_कढई: नाही, प्रत्येक जिन्नस वेगळा मोजायचा. रवा 150 मिलीच्या वाटीत 105 ग्रॅमच्या आसपास, दाणेदार साखर 125. तिथे पाकाची साखर वाटीवरून किलोत नेताना समसमान धरली तर कमी पडते.

परदेशी_पाट: अमेरिकेतल्या पाककृती बघून करणाऱ्यांसाठी: तिथला कप 237 मिली, ऑस्ट्रेलियातला 250. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा 20 मिली, बाकी बहुतेक ठिकाणी 15. वेलचीपूड, जायफळ चमच्यानेच मोजा. 1 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा घरगुती काटा 2 ग्रॅमला भरवशाचा नाही.