फ्लॉरेन्समध्ये दोघांसाठी दोन दिवस: राजाराम महाराजांची छत्री आणि बाकीचे शहर

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे यजमान इटलीला जात आहोत. रोमनंतर फ्लॉरेन्ससाठी आमच्या हाती रविवार आणि सोमवार असे दोनच दिवस आहेत. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे 1870 साली इंग्लंडहून परतताना याच शहरात निधन झाले, त्यामुळे तेथील त्यांच्या छत्रीचे दर्शन घ्यायचेच, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सहल आखून देणाऱ्यांच्या कार्यक्रमात मात्र तिचा उल्लेखही नाही; उलट दोन्ही मोठी संग्रहालये, कॅथेड्रलचा घुमट आणि पिसाचा मनोरा एवढे सगळे त्यांनी दोन दिवसांत बसवले आहे. यजमानांचे गुडघे दुखतात आणि मी शाकाहारी आहे. छत्रीसाठी किती वेळ राखून ठेवावा आणि त्यासाठी यातले काय सोडावे?

उत्तर 1 (शाहूपुरी)

ताई, अर्धा दिवस छत्रीला द्या आणि पिसा निःसंकोचपणे सोडा. ही छत्री शहराच्या पश्चिमेला, काशिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. मुख्य रेल्वे स्थानकाजवळून सुटणारी ट्राम उद्यानाच्या शहराकडील टोकाला सोडते. तेथून छत्रीपर्यंत झाडीतून सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते. रस्ता सपाट आहे, तरीही तुमच्या यजमानांसाठी जाताना टॅक्सी करणे आणि परतताना जमेल तेवढे चालणे योग्य ठरेल. सकाळी जा; अंधार पडल्यावर त्या टोकाला थांबू नका.

जागेचे महत्त्व मनात ठेवून गेलात तर दर्शनाला वेगळाच अर्थ येईल. महाराज ऐन विशीतले होते. 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि दहनाची प्रथा त्या शहराला सर्वस्वी अपरिचित होती. तरीही सोबतच्या मंडळींनी तेथील अधिकाऱ्यांची परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या नद्या जेथे मिळतात तेथे, आपल्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार केले. आपल्याकडे प्रयाग चिखलीच्या संगमाला जे स्थान आहे तेच त्या परक्या नदीकाठाला त्या रात्री मिळाले, असे मला नेहमी वाटते. पुढे 1874 मध्ये तेथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला नवा राजवाडा उभारला त्यांचाच, आणि छत्रीखालचा रंगवलेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. निघण्यापूर्वी एकदा नवा राजवाडा डोळे भरून पाहून घ्या, म्हणजे तेथे उभे राहिल्यावर त्याच हाताची ओळख पटेल. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलालाही स्थानिक लोक ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

उत्तर 2 (पुणे, मूळचा कोल्हापूरचा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त वार नीट पाहा. उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून छत्री सोमवारी सकाळी आणि संग्रहालय रविवारी, हाच क्रम तुम्हाला सोयीचा आहे. तुमचा रविवार महिन्यातला पहिला असेल तर सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो, पण त्यामुळे गर्दीही प्रचंड होते. एरवी ठरावीक वेळेचे तिकीट घरूनच काढून ठेवावे.

दोन्ही संग्रहालये एका दिवसात करू नका. मी उफित्सी निवडेन, कारण बोत्तिचेल्लीची चित्रे छापील पुस्तकात पाहणे आणि समोर पाहणे यांत फार अंतर आहे. मिकेलांजेलोचा मूळ ‘डेव्हिड’ 1873 पासून अकादेमियात असला, तरी त्याच्या जुन्या जागी, चौकात, 1910 पासून प्रतिकृती उभी आहे आणि ती कधीही पाहता येते. घुमटावर चढायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तुमच्या यजमानांनी तो विचारही करू नये. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, तो कसा बांधला असेल, याचे नवल खालून पाहतानाही कमी होत नाही. पूर्ण घुमट आणि शहर एका नजरेत पाहायचे असेल तर संध्याकाळी बसने मिकेलांजेलो चौकात जा.

उत्तर 3 (कसबा बावडा)

माझे मत थोडे वेगळे आहे. सोमवारच्या दुपारी सांता क्रोचे हे चर्च अवश्य पाहा. मिकेलांजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी तेथे आहेत, पण मी ते सुचवते आहे ते दुसऱ्या कारणासाठी. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नोला आलेल्या महापुरात याच भागाचे सर्वाधिक नुकसान झाले आणि चिमाब्वे या चित्रकाराच्या क्रूसावरील प्राचीन चित्राचा रंग पाण्याने ओरबाडून नेला. पाणी कुठवर चढले होते हे दाखवणाऱ्या पाट्या भिंतींवर आजही आहेत. 2019 चा पंचगंगेचा पूर ज्यांनी घरात अनुभवला आहे, त्यांना त्या रेषेसमोरून सहज पुढे जाता येणार नाही. पोंते वेक्यो या जुन्या पुलावरून नदी पाहताना हे लक्षात असू द्या. सोनारांच्या दुकानांचा तो पूल 1345 चा आहे, आणि 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सारे पूल उडवले तेव्हा तोच वाचला.

जेवणाची चिंता नको. शिळा पाव, पालेभाज्या आणि घेवडा घालून शिजवलेले ‘रिबोलिता’ पोटभर होते. फक्त त्यात मांसाचे पाणी वापरले आहे का, हे विचारून घ्या. तेथील पाव बिनमिठाचा असतो, म्हणून चटणीची पुडी जवळ असू द्या.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. पिसा रद्द केले आहे. छत्रीपाशी वाहण्यासाठी येथून फुले आणि नैवेद्याला पेढे नेता येतील का?

उत्तर 1 (शाहूपुरी)

पेढे नेऊ नका; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. फुलांवरही निर्बंध आहेत, ती तेथेच घ्या. नैवेद्याला खडीसाखर चालेल.